सीलिअ‍ॅक रोग व उपाहारगृहातील भोजन

गहू, सातू (बार्ली) व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींच्या लहान आतड्यातील रसांकुरांची हानी होते व अन्नघटकांचे शोषण मंदावते. या विकारास सीलिअ‍ॅक रोग म्हणतात. जगाच्या लोकसंख्येत त्याचे प्रमाण सु. १ टक्का आहे. आजन्म ग्लुटेनवर्जित आहार हाच त्यावरील प्रस्थापित उपाय होय. घरी हे पथ्य सांभाळता येते. उपाहारगृहात मात्र रोग्याला परक्या पाकगृहावर विसंबावे लागते. पथ्याचा शोध लागल्यावर ते घराबाहेर पाळण्याची सोय होण्यास सु. अर्धशतक लागले.

कॅपडोशियाचे प्राचीन ग्रीक वैद्य आरेटीअस यांच्या लेखनात या लक्षणांचे वर्णन आढळते. लंडनचे सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये रोगाचे आधुनिक वर्णन करून आहार हाच त्यावरील उपाय असल्याचे प्रतिपादिले. तथापि त्यांच्या पथ्यात दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावाच्या पातळ कापांना मुभा होती. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला. त्याने मुले सुधारत. परंतु गुणाचे श्रेय केळ्यांना मिळाले, पाव वगळल्याला नव्हे. खरे कारण हेग येथील बालरोगतज्ञ व्हिलेम कारेल डिके यांनी शोधले. गव्हाविषयीचा त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदर्लंड्समध्ये दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला, तेव्हाच्या अनुभवाने तो दृढ झाला. १९५० मध्ये त्यांनी उत्रेक्त विद्यापीठास प्रबंध सादर केला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी पिठातील ग्लुटेन हाच अपायकारक घटक असल्याचे दाखविले.

पाव टाळणे सोपे असते. छुपे ग्लुटेन ओळखणे कठीण. रस्सा दाट करण्यासाठी मैदा वापरतात. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. एकाच कढईत निरनिराळे पदार्थ तळले जातात. उष्णतेने ग्लुटेन निरुपद्रवी होत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने २००८ मध्ये ग्लुटेनमुक्त अन्नासाठी दर किलोग्रॅमला २० मिग्रॅ. ही कमाल मर्यादा ठरविली. ४०० ग्रॅम अन्नात ती ८ मिग्रॅ. होते, चिमूटभर पिठानेही ती ओलांडली जाते. पदार्थातील जिन्नसांइतकेच पाकगृहातील पाट, सुरी व हात यांना महत्त्व येते, ते यामुळेच.

पास्ता व पिझ्झा यांच्या इटलीत ही अडचण विशेष तीव्र होती. तेथे १९७९ मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने पुढे उपाहारगृहचालकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या याद्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. २००५ च्या कायद्याने या रोगास सामाजिक रोग म्हणून मान्यता मिळाली. शाळा, रुग्णालये व शासकीय भोजनालये यांत मागणीनुसार ग्लुटेनमुक्त जेवण देणे बंधनकारक झाले आणि उपाहारगृहचालकांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद झाली. यूरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाही पदार्थांतील ग्लुटेनयुक्त धान्यांची माहिती देणे आवश्यक झाले. अशा रीतीने केवळ रोग्याची मानलेली जबाबदारी अन्न देणाऱ्यावरही आली.

भारतात हा रोग मुख्यत्वे उत्तरेकडील गहू खाणाऱ्या प्रदेशांत अधिक आढळतो. महाराष्ट्रातील ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ ही धान्ये स्वभावतः ग्लुटेनविरहित आहेत. तरीही भाकरीचे पीठ पोळीच्या कणकेच्या परातीत मळले, तर ती निर्धोक राहत नाही. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असल्याने साधे वरणही अपायकारक ठरू शकते. केंद्रीय परवानाधारक अथवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या भोजनसंस्थांनी अधिहर्षक घटकांची माहिती द्यावी, असे २०२० च्या भारतीय नियमांत नमूद आहे. लहान खानावळी त्या कक्षेबाहेर राहतात. तेथे रोग्याने न संकोचता विचारलेला प्रश्न व आचाऱ्याने दिलेले खरे उत्तर हेच मुख्य संरक्षण होय.