गळतं कुणाचं, माती कुणाची

भाड्याच्या घराचं छप्पर गळायला लागलं की ते कुणी नीट करायचं? प्रश्न साधा. पण याच प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात कायदे झाले, मंडळं निघाली, कर बसला आणि शेवटी एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांसमोर गेलं. गेले काही दिवस हेच वाचत बसलो होतो. म्हटलं, डोक्यात आहे तोवर लिहून काढावं. घरातली मंडळी विचारतील, यात आपली वडीगोद्री कुठं आली? येते, पुढे येते. जरा दम धरा :)

आधी मुंबईचं बघू, कारण सगळं रामायण तिथलं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, मुंबईत माणसं येतच राहिली आणि खोल्या होत्या तेवढ्याच. मालकांनी मनाला येईल ते भाडं लावू नये म्हणून सरकारनं एक तारीख धरली, १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं'. १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा याच तारखेवर उभा राहिला. कायदा होता तात्पुरता. पण आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात हे वेगळं सांगायला नको. मुदत वाढत गेली, वाढत गेली, आणि भाडं मात्र १९४० सालात थांबून राहिलं. चुना महागला, सिमेंट महागलं, गवंड्याची मजुरी वाढली. खोलीचं भाडं काही दहा-वीस रुपयांच्या पुढे सरकेना.

आता मालकाच्या जागी बसून बघा. (मी कधी मालक नव्हतो, त्यामुळे मला हे जरा जड गेलं.) कायदा मालकाला सांगत होता की घर राहण्याजोगं ठेवणं तुझं काम. आणि तोच कायदा सांगत होता की भाडं वाढवायचं नाही. अख्ख्या चाळीचं वर्षाचं भाडं एका जिन्याच्या दुरुस्तीलाही पुरत नसेल, तर मालक जिना कशाला दुरुस्त करेल? उलट इमारत पडली तर जमीन मोकळी होते, असा हिशोब काहींनी केला नसेल असं मी म्हणणार नाही. भाडेकरूंचीही गंमत बघा. पागडी देऊन घेतलेली जागा, भाडं नाममात्र, त्यामुळे ती सोडवतही नाही आणि आपली म्हणवतही नाही. दोघंही खांबाला टेकू लावून वाट बघत बसले. पावसाळा आला की एखादी इमारत पडायची.

मग १९६९ साली सरकार मधे पडलं. दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मुंबई शहरातल्या (उपनगरं नाहीत, फक्त शहर) जुन्या भाड्याच्या इमारतींवर कर बसवायचा आणि त्या पैशातून मंडळानं दुरुस्ती करायची. यांना तेव्हापासून 'उपकरप्राप्त इमारती' म्हणतात. सुरुवातीला त्यांची संख्या होती १९,६४२, आणि त्यातल्या १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुन्हा तीच तारीख! पुढे हे मंडळ म्हाडात गेलं. म्हणजे भाडेकरूनं दुरुस्तीचं विचारायचं ते मालकाला नाही, सरकारी कचेरीला. कचेरीत अर्ज करणं आणि मालकाच्या दारात जाणं यातलं सोपं काय, हे ज्यानं दोन्ही केलंय त्यानं ठरवावं.

१९८६ मध्ये सरकार आणखी एक पाऊल पुढे गेलं. सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था काढून मागणी केली तर सरकार इमारत ताब्यात घेऊन त्यांनाच देऊ शकेल, आणि मालकाला मिळेल महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम. १९४० च्या भाड्याच्या शंभरपट! मालक कोर्टात गेले नसते तरच नवल. ते प्रकरण चढत चढत नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत गेलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. एखाद्याची खाजगी मालमत्ता ही केवळ खाजगी मालमत्ता म्हणून सरसकट 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असं बहुमतानं सांगितलं. वकील मंडळी या निकालावर राज्यघटनेच्या अंगानं लिहितात, ते बरोबरच आहे. मला मात्र तो वाचताना गिरगावातली ओल आलेली भिंत दिसत होती.

मधल्या काळात किती बळी गेले ते विसरता येत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारजवळची हुसैनी इमारत पडली, तीसपेक्षा जास्त माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारत. दर वेळी दुसऱ्या दिवशी एकच चर्चा: जबाबदारी कुणाची.

असो. आता आपल्या गावाकडे.

धुळे-सोलापूर रस्त्यावर, अंबड तालुक्यात वडीगोद्री. शहागडची गोदावरी तिथून जवळ. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे मुंबईचा १९४७ चा कायदा इकडे नव्हताच. इकडे हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, तरी तो कायदा तसाच होता. थेट २००० साली नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तेव्हा तो गेला. पण खरं सांगू? आमच्या गावात यातल्या कुठल्याही कायद्याचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

वडील शाळेत शिक्षक. आम्ही तीन खणांच्या माळवदात भाड्यानं राहायचो. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी: दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात असं गार की पंख्याची आठवण होत नाही. पण पावसानं माती वाहते, भेगा पडतात आणि घर गळतं. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वर नवी माती टाकायची. ही झाली दुरुस्ती. दर वर्षीची.

ती मागायची पद्धत मात्र ठरलेली. वडील मालकांशी पाऊसपाण्याचं, पोरांच्या अभ्यासाचं बोलायचे. छपराचं कधीच नाही. मालकांची पोरं त्यांच्याच वर्गात, तिथं गुरुजींनी गळक्या छपराचं रडगाणं कसं गायचं! तो विषय आई काढायची, तोही मालकांच्या आईकडे, दळण टिपता टिपता. "आजी, औंदा चुलीपशी लई गळालं बघा." दोन दिवसांनी मालक यायचे. "गुरुजी, गाडीभर माती टाकून देतो, वर पसरायचं तुम्ही बघा." माती मालकाची, मेहनत आमची. कागद नाही, नोटीस नाही. एखाद्या वर्षी माती यायचीच नाही, मग आई पातेली मांडायची आणि आम्ही भावंडं कोणतं आधी भरतं यावर पैज लावायचो.

ही पद्धत गोड होती असं मला म्हणायचं नाही. आजींची मर्जी फिरली की आमचा पावसाळा ओला.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. अनंत चतुर्दशीची दुसरी पहाट, चारला काही मिनिटं कमी. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. आमचं गाव तिथून लांब. पण पुढे जे ऐकायला आणि वाचायला मिळालं त्यानं सगळ्यांची झोप उडाली: माणसांना मारलं ते त्यांच्याच घरांनी. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या आणि डोक्यावर वर्षानुवर्षं थरावर थर चढलेली मणामणांची माती. गळू नये म्हणून जी काळजी दर मृगाला घेतली, तिचंच ओझं.

त्या दिवाळीत वडिलांनी पहिल्यांदा स्वतः, समोरासमोर, मालकांकडे विषय काढला. इतकी वर्षं आम्ही माती टाका म्हणत होतो, आता म्हणत होतो माती काढा. मालक बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं माळवद ते. शेवटी म्हणाले, "काढू. पर पत्र्याला पैका न्हाई आत्ता." वडिलांनी पत्रे आणले, मालकांनी सुतार आणि गडी दिले, आणि पत्र्याचे पैसे फिटेपर्यंत भाडं नाही असं ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही भाजून निघालो, ते जाऊ द्या.

आता हे वाचताना मजा वाटली की दोघांनी जे केलं ते कायद्यात जुनंच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे: जी दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे ती त्यानं सांगूनही वेळेत केली नाही, तर भाडेकरूनं करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात कलम १४ तेच म्हणतं, फक्त अटी घालून. किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, आणि एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्याहून जास्त नको. म्हणजे महिना चार हजार भाडं असेल तर वर्षाला बारा हजारांपर्यंत. पण मूळ जबाबदारीच 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' अशी आहे, आणि सगळी मेख त्यात.

केंद्रानं २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा दिला, त्यात तर यादीच आहे. इमारतीची दुरुस्ती, भिंतींची रंगरंगोटी, नळाचे पाइप, वायरिंग हे मालकाकडे. तुंबलेली गटारं, बिघडलेली बटणं, फुटलेल्या काचा भाडेकरूकडे. असं स्वच्छ लिहिलेलं बघून मला आईची आठवण झाली, तिला यादीत चुलीपाशी बोट ठेवता आलं असतं.

शहरात आता बहुतेक जण 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहतात, अकरा अकरा महिने. तिथं राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, परवानाधारक असतो, त्यामुळे करारात काय लिहिलंय त्यावरच बरंचसं अवलंबून. भाच्यानं परवा पुण्याच्या खोलीचा करार सही करण्याआधी मला पाठवला. नळ गळला तर त्याचा, बल्ब गेला तर त्याचा, भिंतीला खिळा मारला तर दंड त्याचा. खोली वरच्या मजल्यावर आहे आणि छताबद्दल एक अक्षर नाही. त्याला म्हटलं, सहीच्या आधी विचार. मालकांनाच विचार, त्यांच्या आईला नाही.