१९५७ च्या निवडणुकीतील टीकेची भाषा

इ. स. १९५७ च्या आरंभी झालेल्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीस मुंबई शहरात व पश्चिम महाराष्ट्रात जवळजवळ सार्वमताचे स्वरूप आले होते. या निवडणुकीत सत्तारूढ पुढाऱ्यांवर जी टीका झाली तिला ‘जहाल’, ‘शिवराळ’ किंवा ‘विनोदी’ म्हणण्याचा प्रघात आहे. ही विशेषणे खोटी नव्हेत. परंतु त्यांवरून टीकेचा केवळ आवेश कळतो, तिची घडण कळत नाही.

घडणीचा विचार घोषणेपासून करावा लागतो. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या वाक्यात ‘च’ हे अव्यय निश्चय दर्शविते, हे उघड आहे. मात्र महाराष्ट्र कोणी करावयाचा आणि तो कोणामुळे होत नाही, याविषयी वाक्य मौन पाळते. चळवळीस हे मौन सोयीचेच होते; कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशा परस्परविरोधी मतांच्या मंडळींना, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास स्थापन झालेल्या समितीत, ते एकत्र उच्चारता येत होते. निवडणुकीत मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे मतदारास प्रतिपक्षाचे नाव सांगावे लागते. घोषणेत रिकामी राहिलेली ही जागा भरण्याचे काम व्यक्तिगत टीकेने केले.

प्रथम नाव आले ते मोरारजी देसाई यांचे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ व पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत जो गोळीबार झाला, तो त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातील होय. आंदोलनात शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. अशा स्थितीत ‘नरराक्षस’ यासारखा पौराणिक शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांत व सभांत रूढ झाला, तर त्यामागील दुःख विसरून केवळ शब्दाच्या औचित्याची चर्चा करणे हे कोरडेपणाचे होईल. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. नोव्हेंबर १९५६ मध्ये मोरारजी केंद्रीय मंत्रिमंडळात गेले होते व १९५७ मध्ये ते सुरतेहून लोकसभेसाठी उभे होते. ज्याच्यावर सर्वाधिक टीका होत होती तो पुरुष मराठी मतदाराच्या मतपत्रिकेवर नव्हताच. शिवाय त्याच वेळी अहमदाबादेस महागुजरातवादी मंडळी त्यांना गुजरातच्या स्वतंत्र राज्याचे विरोधक ठरवीत होती. एकाच व्यक्तीस इकडे गुजरातचा पक्षपाती आणि तिकडे गुजरातचा वैरी म्हटले जात होते, आणि दोन्हीकडे ते पटत होते.

मोरारजींवरील रोषाचा भार मग मराठी काँग्रेस उमेदवारांवर, विशेषतः १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिकाचे मुख्यमंत्री असलेल्या यशवंतराव चव्हाण यांच्यावर पडला. डिसेंबर १९५५ मध्ये फलटण येथे त्यांनी, नेहरू व संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू, अशा आशयाचे विधान केले होते. हे विधान सशर्त आहे. लोकांच्या तोंडी जाता जाता त्यातील ‘तर’ गळून पडला आणि ‘महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे’ एवढेच शिल्लक राहिले. विपर्यास म्हणून हा प्रकार निकालात काढता येईल. पण शर्त उच्चारली गेली तेव्हा ती निवड प्रत्यक्षात पुढ्यात येऊन ठाकलेलीच होती, हे ध्यानात घेतले असता लोकांनी केलेला संक्षेप अगदीच अन्यायाचा ठरत नाही.

अन्याय झाला असेल तर तो पुढील पायरीवर. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्रे यांनी दैनिक ‘मराठा’ सुरू केले आणि चव्हाणांना ‘सूर्याजी पिसाळ’ ही पदवी मिळाली. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला तो पिसाळाच्या फितुरीने, अशी रूढ समजूत आहे. (ती कागदपत्रांनी कितपत सिद्ध होते, हा इतिहाससंशोधकांच्या वादाचा विषय आहे, परंतु निवडणुकीच्या सभेत कोणी बखरी पडताळीत नाही.) येथे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. फलटणच्या विधानाला उत्तर देणे चव्हाणांना शक्य होते, आणि द्विभाषिकाच्या कारभारावर वाद घालणेही शक्य होते. पिसाळ या शब्दाला उत्तर नाही. कारण तो कृत्यावर आक्षेप घेत नाही, माणसाची जात ठरवितो. कराडला चव्हाण फार थोड्या मतांनी निवडून आले.

काँग्रेसच्या बाजूची टीका सभ्य होती, असे मात्र समजू नये. तिचा साचा निराळा होता, एवढेच. तिने विशेषनामांऐवजी भाववाचक नामे वापरली: प्रांतीयता, संकुचितपणा, फुटीर वृत्ती. व्याकरणदृष्ट्या ही सौम्य वाटतात. परंतु आपल्या भाषेचे राज्य मागणाऱ्या सामान्य मतदारासही ती राष्ट्रद्रोहाच्या छायेत उभी करीत. समितीने पुढाऱ्यांना दुखविले, काँग्रेसने मतदारांना. आणि मते पुढाऱ्यांच्या हाती नव्हती.

निकालात काँग्रेसला राज्यातील ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या, पण पश्चिम महाराष्ट्रात तिची वाताहत झाली. पुण्यात काकासाहेब गाडगीळ पडले आणि समितीच्या पाठिंब्यावर ना. ग. गोरे लोकसभेत गेले. गाडगीळ हे काँग्रेसमध्ये राहून संयुक्त महाराष्ट्राचा आग्रह धरणारे गृहस्थ. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी लोकसभेत स्वपक्षाला कडवट बोल सुनावले होते. निष्ठेचीच परीक्षा घेणाऱ्या भाषेला ‘आपला, पण त्या पक्षातला’ असा माणूस दाखविणारा शब्दच उरला नव्हता.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेले खोटे विधान भ्रष्टाचार ठरविले आहे. सार्वजनिक कारभारावरील टीका मोकळी ठेविली आहे. पिसाळ, नरराक्षस या पदव्या नेमक्या या दोहोंच्या सीमेवर उभ्या राहतात. त्या राजकीय वर्तनाविषयी बोलतात, आणि शब्द मात्र चारित्र्याचा वापरतात.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याचे पहिले मुख्यमंत्री चव्हाणच झाले. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. पिसाळाची उपमा तोवर निरुपयोगी झाली होती. स. का. पाटील यांना अत्र्यांनी दिलेले ‘सदोबा’ हे नाव मात्र टिकले. त्यात फितुरीचा आरोप नव्हता. घरातल्या माणसाला हाक मारावी तशा सलगीने पुढाऱ्याचा दरारा उतरविणे, एवढेच त्याचे काम होते, आणि ते कोणत्याही प्रश्नावर अवलंबून नव्हते. १९५७ मध्ये पाटील दक्षिण मुंबईतून निवडून आले होते. १९६७ मध्ये तेथेच जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांचा पराभव केला. त्या प्रचारात भाषिक राज्याचा मुद्दा उरला नव्हता, पाटील पडू शकतात हे मतदाराला पटविणे एवढाच मुद्दा होता.