हुंडेकरी आणि आगाऊ हिशेब

एकलहरे येथील वीजकेंद्राच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाने मुलासाठी परदेशातून लहानशी दुर्बीण मागवावी, तिचे मोल आधीच चुकते करावे, आणि पुडके दाराशी आल्यावर ते हाती पडण्यापूर्वी आणखी काही हजार रुपयांची मागणी व्हावी, हा प्रसंग आज अपूर्व राहिलेला नाही. रक्कम द्यावी तर महिन्याचा हिशेब विसकटतो. न द्यावी तर पुडके परत जाते आणि भरलेले पैसे अडकून पडतात. अशा वेळी मन दुखते ते करापेक्षा त्याच्या आकस्मिकपणाने. हे दुखणे मात्र आजकालचे नाही. नाशिकहून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटांइतकेच ते जुने आहे.

एकलहऱ्यापासून काही कोसांवर असलेल्या पांडवलेण्यांत याची एक साक्ष दगडावर कोरलेली आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे आपली दानकृत्ये नोंदविली. त्यांत इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावा ठेवून उतारूंना विनामूल्य पलीकडे नेण्याची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. नदीचा उतार फुकट करून देणे हे गोदानाच्या आणि ग्रामदानाच्या पंक्तीत बसणारे पुण्य मानले गेले. वाटेवरचे देणे प्रवाशाला किती जाचत असेल, याची कल्पना यावरून सहज येते.

त्याच्या थोडे आधी, पहिल्या शतकात, एका ग्रीक नाविकाने 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध असलेला प्रवासग्रंथ लिहिला. तांबड्या समुद्रावरील एका बंदरात आयात मालाचा चौथा हिस्सा जकात म्हणून घेतला जात असे, असे तो सांगतो. शेकडा पंचवीस हा दर हलका नव्हे; तरीही तो ठाऊक असल्यामुळे व्यापारी त्याचा हिशेब करूनच निघत. उलट कल्याण बंदराविषयी तो लिहितो की, तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाण्याचा संभव असे. व्यापार भारी करापुढे टिकतो, पण अनिश्चिततेपुढे बिचकतो, हा धडा या दोन नोंदी शेजारी ठेवल्या असता मिळतो.

मराठेशाहीत जकातीचे शास्त्र बरेच वाढले. १६७१ साली शिवाजीमहाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्यास पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितले. पोर्तुगीज मुलखातील स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मिठागरे बुडू नयेत, हा त्यामागील हेतू होता. राज्यकर्त्याच्या दृष्टीने हा दूरदर्शी निर्णय होय. मात्र मागल्या खेपेचा दर पुढल्या खेपेस तोच राहील असे गृहीत धरणाऱ्या व्यापाऱ्याला अशा हुकमाचा धक्का बसल्यावाचून राहात नाही.

पेशवाईच्या काळात माल भरण्याच्या ठिकाणी थळभरीत, विक्रीच्या ठिकाणी थळमोड आणि शिवाय छापा, असे जकातीचे प्रकार होते. प्रत्येक प्रांताची वसुली निराळी, आणि ती बहुधा मक्त्याने दिलेली. त्यामुळे एकाच बैलावरील गोणीला वाटेत अनेक ठिकाणी देणे द्यावे लागे. या जाचातून हुंडेकरी नावाचा वर्ग उदयास आला. हुंडेकरी एक ठराविक रक्कम ठरवून घेई आणि वाटेवरील सगळी जकात आपल्या अंगावर घेऊन माल मुक्कामी पोहोचवी. मक्तेदारांशी त्याचा बंदोबस्त असे व त्यांच्या देण्याला तोच जबाबदार असे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या वर्गाची दखल घेतलेली आहे. हुंडेकऱ्याने जकात माफ करविली नाही. त्याने ती आधी सांगितली, एवढीच त्याची थोरवी.

मुंबई इलाख्यातील ही वाटेवरची जकात १८३८ साली कायद्याने उठली. १८६५ साली थळघाटातून आगगाडी धावू लागली आणि बंदरावरचा माल अखंड नाशिककडे येऊ लागला. देशांतले नाके गेले, पण समुद्रावरचा नाका कायम राहिला. त्याचा १८७८ चा कायदा जाऊन १९६२ चा सीमाशुल्क कायदा आला, आणि परदेशी पुडक्याचा हिशेब आज त्याच्याच आधारे होतो.

तो हिशेब समजून घेतला तर धक्क्याचे कारण उरत नाही. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नसते. वाहतूक आणि विमा त्या किमतीत मिळविले जातात. ४,००० रुपयांच्या वस्तूस १,००० रुपये वाहतूक पडली, तर आकारणी विम्याशिवायच ५,००० वर सुरू होते. परकीय चलनाचा भाव बँकेचा नव्हे, सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला धरतात. मूळ शुल्क मिळविल्यावर जी बेरीज होते, तिच्यावर वस्तू व सेवा कर बसतो. पुडके आणणारी कंपनी आपली हाताळणावळ वेगळी लावू शकते. पुडक्यावर 'भेट' असे लिहिल्याने सुटका होते, ही जुनी समजूतही आता टाकून दिली पाहिजे. २०१९ च्या डिसेंबरापासून भेटवस्तूंची शुल्कमाफी राखी व जीवरक्षक औषधे यांपुरतीच उरली. किंमत कमी दाखविणे हा तर उघड गुन्हा होय, आणि त्यात वस्तूही जप्त होऊ शकते.

म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी त्या दिवसाचा दर पाहावा, आणि विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: सांगितलेल्या किमतीत भारतातील शुल्क धरले आहे काय? काही विक्रेते ते आधीच घेऊन परस्पर भरतात. असा विक्रेता म्हणजे नव्या काळातील हुंडेकरीच. तो न मिळाल्यास हुंडेकऱ्याचे काम गिऱ्हाइकाने स्वतः, कागद आणि पेन्सिल घेऊन, घरीच उरकावे. दुर्बीण परवडते की नाही, हे मुलाला शब्द देण्यापूर्वी कळावे; पुडके दाराशी येऊन परत जाताना नव्हे.