आकडा आणि अक्कल

दिवाळीतल्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. पण व्रतांच्या जुन्या पोथ्यांतून त्याच दिवसाला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले, डाव पार्वतीने जिंकला आणि महादेव हात हलवीत उठले, अशी कथा सांगतात. त्या निमित्ताने पाडव्याला घरात थोडा डाव मांडायची चाल पडली, आणि आज जो जिंकेल तो वर्षभर जिंकेल, ही समजूतही तिच्या पाठोपाठ आली. तेव्हा ऐन दिवाळीत जुगाराचा विषय काढला म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी रागावू नये. विषय सणाचाच आहे.

प्रश्नही जुनाच आहे. जो खेळ सर्वस्वी दैवावर सोडलेला आहे, तो माणसाला डोके चालवून जिंकता येतो काय? मागचे डाव पाहून पुढचा ओळखता येतो काय?

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात बेहड्याच्या झाडाखाली होते. त्रिफळाचूर्णात हिरडा आणि आवळकाठी यांच्या जोडीला असतो, तोच हा बेहडा. वेदकाळी त्याची फळे हेच फासे होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त अशाच एका जुगाऱ्याचे आहे. फासे पटावर पडले की त्याचा निश्चय ढळतो, बायको दुरावते, सासू तोंड फिरवते आणि देणेकऱ्यांच्या भीतीने तो रात्री दुसऱ्यांच्या दाराशी जातो. अखेरीस त्याला एकच उपदेश मिळतो: फासे टाकून दे आणि आपले शेत कस. शेतकऱ्यांच्या मुलुखात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा उपदेश फार जवळचा वाटतो. त्याकडे शेवटी वळू.

महाभारतातील नलाख्यानातही हेच झाड पुन्हा भेटते. नळराजाने भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळून राज्य घालवले आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य पत्करले. विदर्भाकडे जाताना वाटेत बेहड्याचे झाड दिसले, तेव्हा ऋतुपर्णाने त्याच्याकडे नुसते पाहून फांद्यांवरची पाने आणि फळे किती, ते सांगून टाकले. नळाला खरे वाटेना. त्याने रथ थांबवला, झाड तोडले, फळे मोजली, तो हिशेब बरोबर निघाला! मग ऋतुपर्णाने त्याला मोजण्याची विद्या आणि अक्षविद्या या दोन्ही दिल्या. फाशांची विद्या आणि मोजदादीची विद्या या सख्ख्या बहिणी आहेत, हे आपल्या पूर्वजांनी या कथेत फार सुंदर ओळखले आहे. युरोपात पास्काल आणि फर्मा या दोन गणितज्ञांनी जुगाराच्या डावावरून एकमेकांना पत्रे लिहून संभवाचे गणित मांडले, ते १६५४ साली.

आता बेहड्याच्या झाडाखालून कापसाच्या गाठींकडे येऊ. कारण महाराष्ट्रात या प्रश्नाने जे सर्वांत मोठे रूप घेतले, ते कापसातून जन्मले.

आमचा परभणी जिल्हा कापसाचा. सेलू, मानवत ही आमच्या कापसाची नावाजलेली पेठगावे. परंतु ज्या कापसावर मुंबईत पैजा लागत, तो इथला नव्हता, अमेरिकेतला होता. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात सकाळी उघडणारा भाव आणि संध्याकाळी बंद होणारा भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूसबाजारात येत असे. त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. याला ‘आकडा’ म्हणत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द पुढे खेड्यापाड्यातल्या पानटपरीवर पोहोचले, ते मूळचे या उघडत्या आणि बंद होत्या भावांचे. लावणाऱ्याच्या दृष्टीने या आकड्याचा एक मोठा गुण होता. तो सात समुद्रांपलीकडे ठरत असे. मुंबईतल्या कोणाचा हात त्याला लागणे कठीण होते.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारा हा आकडा बंद झाला. लावणारे होते, घेणारे होते, फक्त आकडा नव्हता. मग तो इथेच काढायची युक्ती निघाली. कच्छमधून मुंबईत आलेले आणि वरळीत किराणा दुकान चालवणारे कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळी मटका सुरू केला. फाळणीनंतर सिंधमधून आलेले रतन खत्री यांनी १९६४ साली आपला वेगळा मटका मांडला. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात घालून त्यातून एक काढायची, म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले आणि पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. पाच, तीन आणि सहा निघाले तर बेरीज चौदा, म्हणून आकडा चार. एकदा ओपन, एकदा क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

परळ-लालबागच्या गिरणगावातून हा खेळ राज्यभर पसरला. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदीचा कायदा होताच. पण कायद्याच्या कागदापेक्षा आकड्याची चिठ्ठी लहान, ती मुठीत मावते! आणीबाणीत खत्री एकोणीस महिने तुरुंगात होते. त्यांच्यावरून बेतला असे म्हणतात तो ‘धर्मात्मा’ चित्रपट १९७५ सालचा. खत्री मे २०२० मध्ये वारले. त्यांची ख्याती अशी सांगतात की पत्ते ते लोकांसमक्ष काढीत. या धंद्यात हा विश्वास हेच भांडवल होते. न्यूयॉर्कचा आकडा लांबून येई म्हणून लोक त्यावर विसंबत. घरचा आकडा काढणाऱ्याच्या हातावर विसंबावे लागे.

आता क्षणभर असे धरून चालू की तो हात अगदी स्वच्छ आहे. तरीही हिशेब काय होतो, तो पाहा. आकडे दहा. बरोबर आकड्याला एका रुपयाचे नऊ रुपये मिळत. दहा माणसांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जमले. कोणताही आकडा येवो, एकाला नऊ मिळाले आणि एक मटकेवाल्याकडे राहिला. उद्या काय येणार हे मटकेवाल्याला ओळखायचेच नाही. त्याला फक्त मोजता आले म्हणजे पुरे. लावणारा मात्र शंभर रुपये घेऊन बसला, मिळाले ते पुन्हा लावीत गेला, तर सरासरीने पहिल्या फेरीत शंभराचे नव्वद होतात, दुसरीत एक्याऐंशी, आणि सातव्या फेरीअखेर अठ्ठेचाळीससुद्धा पुरते उरत नाहीत. मुंबईची गिरणी असो की मानवतची मोंढ्याची हमाली, पगाराच्या पाकिटाला भोक पडते ते असे. कोणी चोरी न करताच पडते.

“हे आम्हांला ठाऊक आहे, पण आम्ही डोळे मिटून लावीत नाही, अभ्यास करून लावतो,” असे खेळणारा म्हणतो. आणि हे खोटे नाही. मागच्या वर्षांचे आकडे ओळीने लिहिलेले तक्ते लोक जपून ठेवतात. एकाचा जोडीदार सहा, दोनाचा सात, असे आकड्यांचे नातेगोते लावतात. स्वप्नात साप दिसला तर अमुक, लग्न दिसले तर तमुक, असेही ठोकताळे असतात. शाळेत ज्याला सातचा पाढा जमला नाही, तो सहा महिन्यांचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो. अक्कल कमी आहे म्हणून माणूस बुडतो असे मुळीच नाही. अक्कल पुष्कळ असते. ती ज्या पाटीवर चालवायची, ती पाटी कोरी असते.

या अभ्यासातली मुख्य चूक एका वाक्यात मावते: “दहा दिवस सात आला नाही, म्हणजे आज येणारच.” आता ठरावीक एखादा आकडा लागोपाठ दहा डावांत न येणे हे नवल आहे काय? हिशेब केला तर शंभरांतून पस्तीस वेळा असे घडते. आणि तो दहा वेळा आला नाही, म्हणून अकराव्या वेळी त्याचा हक्क वाढतो काय? पत्ते पिसले की मागचे सारे पुसले जाते. आकड्याला आठवण नसते. आठवण आपल्याला असते. म्हणून आपणच त्याच्या डोक्यावर मागची बाकी चढवतो आणि आज तो ती फेडील म्हणून वाट पाहत बसतो.

परदेशातल्या शहाण्यांनीही हेच केले. रुलेटच्या चक्रात सदतीस घरे असतात. अठरा लाल, अठरा काळी आणि एक शून्य. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या द्यूतगृहात गोळी सव्वीस वेळा ओळीने काळ्या घरात पडली. जसजशी काळ्याची रांग वाढली, तसतसे लोक लालवर अधिकाधिक पैसे ओतीत गेले, आणि लाखो फ्रँक गमावून बसले.

मग बाबा-बुवांचे आकडे खरे कसे ठरतात? समजा, हजार जण उद्याचा आकडा सांगत आहेत. नुसत्या योगायोगाने शंभर जणांचा बरोबर येईल. त्यांपैकी दहा जणांचा परवाही बरोबर येईल. तिसऱ्या दिवशी एक जण असा उरेल, की ज्याचे तीन दिवस लागोपाठ खरे ठरले. गावभर बोलबाला होतो तो त्या एकाचा. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव कोणाच्या लक्षात राहतात?

तर मग कोणीच जिंकले नाही काय? थोडे जिंकले, पण ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कापड-धंद्यातला जोसेफ जॅगर नावाचा माणूस मोंटे कार्लोला गेला. यंत्राची चाती कधी पुरती सरळ फिरत नाही, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होते. त्याने माणसे बसवून चक्रांचे आकडे लिहून घेतले आणि ज्या चक्रात खोट होती तेच गाठले. पुढे १९६१ साली एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन अमेरिकन पंडितांनी अंगावर लपवता येईल एवढे लहान गणकयंत्र केले आणि चक्राचा नि गोळीचा वेग मोजून ती कुठे पडेल याचा अंदाज बांधून दाखवला. नीट पाहिले तर या दोघांनी काय, जॅगरने काय, दैव जिंकलेले नाही. त्यांनी लाकूड, लोखंड आणि वेग जिंकला. जिथे खोट होती किंवा मोजण्याजोगे काही हलत होते, तिथे अक्कल चालली. नीट पिसलेल्या पत्त्यांत मोजण्याजोगे काही उरतच नाही.

आमच्या भागात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. “मास्तर, कोरडवाहू शेती हाच मोठा जुगार. मृगात पेरायचे आणि आभाळाकडे पाहायचे. मग चार रुपये आकड्याला लावले तर काय बिघडले?” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण बोलणाऱ्याने पावसाचे डाव हरलेले असतात आणि त्याचे दुःख खरे असते. पण दोन्ही डाव सारखे नाहीत. पाऊस दैवाचा, परंतु बियाणे निवडणे, बांध घालणे, कापसात तुरीच्या ओळी टाकणे, वेळेवर कोळपणे हे हातचे असते, आणि हातच्या कामाने शेतीतले दैव थोडे तरी वळते. दहा वर्षे शेत कसणारा अकराव्या वर्षी अधिक शहाणा असतो. दहा वर्षे आकडा लावणारा अकराव्या वर्षीही दहात एकच. ऋग्वेदातल्या त्या जुगाऱ्याला शेत कसायला सांगणाऱ्याने पावसाचा भरवसा दिला नव्हता. जिथे तुझी अक्कल कामी येईल तिथे ती लाव, एवढेच सांगितले होते.

आज चिठ्ठीची जागा मोबाइलने घेतली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. पण कायदा दाराबाहेर उभा राहतो, आणि हा खेळ तर आता उशाशी असतो. म्हणून मुलांना घरातच एक गंमत करून दाखवावी. सुट्टीत एका तांब्यात शून्य ते नऊच्या दहा चिठ्ठ्या घालाव्यात. एक काढावी, आकडा वहीत लिहावा, चिठ्ठी परत तांब्यात टाकावी, हलवावी. असे शंभर वेळा करावे आणि दर वेळी आधी प्रत्येकाने आपला अंदाज सांगावा. पैशाऐवजी चिंचोके ठेवावेत, आणि मटकेवाली आजीला करावे. नवाला नऊ देऊन दहावा चिंचोका आपल्या पदरात टाकणारी आजी संध्याकाळपर्यंत कशी श्रीमंत होते, हे मुलांना न शिकवता कळेल.

आणि नळराजा? मोजण्याची विद्या मिळाल्यावर तो पुष्कराशी पुन्हा खेळला आणि एकाच डावात राज्य परत मिळवून उठला. विद्या आल्याची खरी खूण मला तरी त्याच्या उठण्यात दिसते.