ग्रीक अक्षरांचें सोवळें

मद्यपानास बंदी करणारे नियम जगांत थोडे नाहींत. कोणी धर्माच्या आज्ञेनें पिणें सोडतो, कोणी वैद्याच्या, कोणी सरकारच्या. परंतु अमेरिकेंतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींच्या मंडळांत एक असा शिष्टाचार रूढ आहे, कीं तो पिण्याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. तो इतकेंच सांगतो, कीं आमचीं अक्षरें अंगावर असतां पेला हातीं धरूं नको. बिल्ला काढून डबींत ठेव, अक्षरांचा सदरा उतरून दुसरा घाल, आणि मग काय तें कर. ज्यांनीं आपल्याकडील सोवळ्याओवळ्याचा संसार पाहिला आहे त्यांस हा नियम परका वाटूं नये. सोवळें जितकें माणसाचें, तितकेंच, किंबहुना अधिकच, वस्त्राचें असतें. मुकटा एकदां खुंटीवर गेला, कीं माणूस चार लोकांत वावरण्यास मोकळा.

हीं मंडळें म्हणजे ‘सोरॉरिटी’. दोन किंवा तीन ग्रीक अक्षरें एवढेंच त्यांचें नांव असतें, आणि बहुधा तीं कोणत्या तरी गुप्त ब्रीदवाक्याचीं आद्याक्षरें असतात. ही नांवें ठेवण्याची चाल पुरुषांची. व्हर्जिनियांतील विल्यम अँड मेरी महाविद्यालयांत ५ डिसेंबर १७७६ रोजीं ‘फाय बीटा कॅपा’ हें पहिलें ग्रीक अक्षरांचें मंडळ निघालें. त्याची पहिली बैठक गांवांतील रॅले नांवाच्या पानगृहांत भरली अशी परंपरा आहे! ज्या प्रथेचा जन्मच मद्याच्या दुकानांत झाल्याचें सांगतात, तिच्याच पोटीं पुढें हें सोवळें निघावें, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

मुलींच्या मंडळांची कथा मात्र बिल्ल्यापासूनच सुरू होते. इंडियाना संस्थानांतील ॲसबरी विद्यापीठानें १८६७ सालीं मुलींस प्रवेश दिला. तेथें शिकणाऱ्या बेटी लॉक हिला ‘फाय गॅमा डेल्टा’ ह्या मुलांच्या मंडळानें आपला बिल्ला मिरविण्यास देऊं केला. सभासदत्व मात्र देऊं केलें नाहीं. तिनें तो नाकारला. जें रहस्य मला सांगणार नाहीं त्याची खूण मी छातीवर कां वागवूं, असा तिचा रोख होता. मुलांनीं मग तिला आपलीं अक्षरें कोरलेली एक चांदीची केकची परडी नजर केली. गणित शिकविणाऱ्या तिच्या वडिलांनीं मात्र स्वतःचेंच मंडळ काढ असें सुचविलें, आणि २७ जानेवारी १८७० रोजीं तिनें तीन मैत्रिणींसह ‘कॅपा आल्फा थीटा’ स्थापन केलें. चांदीची परडी सुंदर असेल. पण मेजवानीच्या टेबलावर शोभणारी वस्तु आणि छातीवर वागविण्याची खूण ह्यांतला भेद त्या मुलीनें ओळखला होता. बिल्ला हा अलंकार नव्हे, ती कबुली आहे, ही समजूत तेव्हांपासूनची. आजही कित्येक मंडळांत तो बिल्ला सभासदाच्या मालकीचा नसतो. संस्थेचा असतो, आणि सभासदाला तो हयातीपुरता वापरावयास दिलेला असतो.

त्या काळीं ह्या मुलींकडे लोक कोणत्या दृष्टीनें पाहत होते? १८७३ सालीं बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क नांवाच्या डॉक्टरनें पुस्तक लिहून असें प्रतिपादिलें, कीं उच्च शिक्षणानें स्त्रियांची प्रकृति बिघडते. तें पुस्तक हातोहात खपलें. असा तर्क आपल्याकडेही ऐकूं येत होता, तेव्हां हंसण्याचा अधिकार आपणांस फारसा नाहीं. अशा वेळीं एका मुलीचा पाय घसरला, तर तो तिच्या एकटीचा घसरत नसे. ‘पाहा, शिकलेल्या मुलींचें काय होतें तें’ असें म्हणण्यास सारा गांव टपलेला असे. एकीचें वर्तन तें सर्वांचें वर्तन, हा अक्षरांचा कायदा ह्या भयांतून बळकट झाला.

त्यांतच मद्यनिषेधाची लाट आली. १८७४ सालीं स्थापन झालेल्या ख्रिस्ती महिला मद्यनिषेध संघाच्या पुढें अध्यक्ष झालेल्या फ्रान्सिस विलार्ड ह्या ‘आल्फा फाय’ मंडळाच्याही सभासद होत्या. संघाची खूण म्हणजे पांढऱ्या फितीची गांठ. तीही छातीवरच लावावयाची. ह्याच विलार्डबाईंशीं पंडिता रमाबाईंचा अमेरिकेंत स्नेह जुळला, आणि १८८९ च्या आपल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ ह्या ग्रंथांत त्यांनीं त्या संघाच्या कार्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. पांढऱ्या फितीनेंच अक्षरांचा नियम घालून दिला असें म्हणण्यास आधार नाहीं. पण दोन्ही खुणा एकाच पिढीच्या, आणि कधीं कधीं एकाच पदरावर होत्या, हें विसरतां येत नाहीं. ‘सोरॉरिटी’ हा शब्दही ह्याच सुमाराचा; सिराक्यूस येथील लॅटिनचे अध्यापक फ्रँक स्मॉली ह्यांनीं तो ‘गॅमा फाय बीटा’च्या मुलींकरितां घडविला. त्यांतील ‘सोरॉर’ ही आपल्या ‘स्वसृ’ची सख्खी बहीण.

वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठांत कृष्णवर्णीय मुलींनीं १९०८ सालीं ‘आल्फा कॅपा आल्फा’ आणि १९१३ सालीं ‘डेल्टा सिग्मा थीटा’ हीं मंडळें काढलीं. दुसऱ्या मंडळाच्या मुली स्थापनेनंतर दोन महिने होतात न होतात तोंच, ३ मार्च १९१३ रोजीं, मताधिकाराच्या मिरवणुकींत चालल्या. त्यांच्या अक्षरांवर केवळ स्त्रीजातीचा नव्हे, एका सबंध समाजाच्या अब्रूचा भार होता. तेथें अक्षरांना फार जपत असल्यास नवल काय?

१९२० पासून १९३३ पर्यंत तर दारूबंदी देशाचा कायदाच होती. (ती उठली तो दिवसही ५ डिसेंबरच!) पुढें अक्षरें लहानशा सोनेरी बिल्ल्यावरून उतरून सदऱ्यांवर, टोप्यांवर, पिशव्यांवर आलीं. बिल्ला नीटनेटक्या पोषाखावर, हृदयाच्या बाजूस लावावयाचा. तो पानगृहांत जाण्याचा प्रसंगच विरळा. सदऱ्यावरचीं वीतभर अक्षरें मात्र रस्त्याच्या पलीकडून वाचतां येतात. अब्रू मोठ्या टाइपांत छापल्यावर तिला जपण्याचे उपायही वाढले. कायद्यानें वय झालेल्या मुलीसही अक्षरांत पिण्याची मनाई. कित्येक शाखांत लाल पेला हातांत घेऊन छायाचित्र काढण्याचीही मनाई, मग त्यांत पाणी कां असेना. नियम मोडणारीस मंडळाच्या पंच भगिनींपुढें उभें राहावें लागतें.

१९८४ च्या कायद्यानें रस्त्यांचें अनुदान अडवून धरण्याचा धाक घालून सर्व संस्थानांना मद्याची वयोमर्यादा २१ वर करावयास लावली. अपघातांचे दावे व विम्याचे हप्ते वाढले, आणि सोरॉरिटींनीं आपलीं घरें कोरडीं ठेवण्याचा निर्बंध अधिकच आंवळला. ह्याचें कारण म्हणून एक दंतकथा विद्यापीठोविद्यापीठीं सांगतात: अमुक इतक्या बायका एका घरांत राहिल्या, कीं जुन्या कायद्यानें तें कुंटणखाना ठरतें, म्हणून तेथें मद्य चालत नाहीं. असा कायदा शोधणाऱ्यांस कोठेंही सांपडलेला नाहीं. निर्बंध मंडळांनीं स्वतःच घातलेला आहे.

मुलांच्या बहुतेक मंडळांनीं तसा निर्बंध घातला नाहीं. त्यांच्या संयुक्त परिषदेनें २०१८ सालीं कडक मद्याला आपल्या घरांतून बंदी ठरविली. बिअर व वाइन राहिलींच. परिणाम असा झाला, कीं मेजवानी मुलांच्या घरीं. दार त्यांचें, पिंप त्यांचें, वरच्या मजल्यावरील खोल्याही त्यांच्याच. मुलगी तेथें जातांना घरून अक्षरें उतरवून जाते. अक्षरें कपाटांत सुरक्षित राहतात. ती स्वतः परक्याच्या घरीं, परक्याच्या हातचा पेला घेऊन उभी असते. बेटी लॉकनें नाकारलेलें पाहुणेपण तिच्या नातींच्या नाती असें स्वीकारतात. नियमाच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे: सदरा बदलण्यास खोलीवर परत जावें लागतें, आणि तेवढ्या वेळांत एखादीचा विचारही बदलतो, शिवाय मैत्रिणींना एकमेकींवर लक्ष ठेवण्याची शिकवण ह्याच मंडळांत मिळते. परंतु संकटांत पडलेल्या मुलीस ‘तूं अक्षरें घातलीं होतींस काय?’ हा प्रश्न जेथें आधीं विचारला जाईल, तेथें तिनें तोंड उघडावें तरी कसें?

न्यू हँपशायरमधील डार्टमथ महाविद्यालयांत ‘सिग्मा कॅपा’च्या शाखेनें १९८८ सालीं मध्यवर्ती संस्थेपासून फारकत घेतली आणि ‘सिग्मा डेल्टा’ हें नवें नांव धारण केलें. मध्यवर्ती संस्थेचे निर्बंध आतां तिजवर राहिले नव्हते. तिनें आपल्याच घरीं मेजवान्या देण्याची प्रथा पाडली, आणि त्या रात्रीं दाराशीं कोणास आंत घ्यावें हें पाहण्यास मुलीच उभ्या राहूं लागल्या.