हाफ पँट, फुल पँट आणि डिनरचा बिगुल

आमच्या टीममधले एक सीनियर सहकुटुंब क्रूझवर निघालेत. बुकिंगनंतर जी मेल आली, तिच्यात डिनरच्या कपड्यांवर अख्खा एक परिच्छेद होता. संध्याकाळी सहानंतर रेस्टॉरंटमध्ये शॉर्ट्स चालणार नाहीत, चपला चालणार नाहीत, दोन रात्री कोट किंवा तत्सम काहीतरी. त्यांच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांचा सवाल असा, की आपण सुट्टीवर चाललोय की कॅम्पस इंटरव्ह्यूला? लंच टेबलवरचे आम्ही सगळे अर्थातच चिरंजीवांच्या बाजूने. पण प्रश्न डोक्यातून जाईना. चहूबाजूंनी समुद्र, बघायला काळं कुत्रं नाही, आणि तिथे एका पोराने जेवायला कोट का घालायचा? मग काय, सगळा वीकेंड त्यातच गेला.

आधी त्या कोटाबद्दल. आज आपण ज्याला कडक फॉर्मल समजतो तो डिनर जॅकेट मुळात घरगुती कपडा होता. एकोणिसाव्या शतकात साहेबाचा रात्रीच्या जेवणाचा पोशाख म्हणजे मागे शेपट्या असलेला लांब कोट आणि पांढरा बो टाय. लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीचं म्हणणं असं, की १८६५ साली त्यांनी प्रिन्स ऑफ वेल्ससाठी (म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड) शेपटी नसलेला आखूड कोट शिवला. कशासाठी? तर सँड्रिंगहॅमच्या घरी चार मित्रांबरोबर आरामात जेवता यावं म्हणून! अमेरिकेत त्याला न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कचं नाव चिकटलं. ती वसाहत १८८६ सालची. पुढच्या दोन पिढ्यांत हाच ‘आरामाचा’ कोट औपचारिकपणाचा बाप होऊन बसला. (आमच्या हापिसात टी-शर्टला कॉलर असली की तो फॉर्मल धरतात. अजून पन्नास वर्षांनी लोक तो घालून लग्नाला उभे राहतील.)

हा कोट जहाजावर गेला आणि तिथे मुरला. कारण समजायला सोपं आहे. अटलांटिक ओलांडायला आठवडाभर, मुंबईहून इंग्लंडला तीन-साडेतीन आठवडे. तेच ते लोक, तीच ती डेक, आणि कोण कुठल्या वर्गाचा हे ठरवून त्याचे पैसे मोजलेले. मग रोज संध्याकाळी जेवणाच्या निमित्ताने ती रेघ पुन्हा एकदा गिरवायची. नियम कुठे भिंतीवर टांगलेले नसत, पण पक्के असत. उदाहरणार्थ, पहिल्या आणि शेवटच्या रात्री कुणी नटायचं नाही. का? तर पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसतात आणि शेवटच्या रात्री त्या भरून झालेल्या असतात. अमेरिकेतल्या शिष्टाचाराच्या शेवटच्या शब्द असलेल्या एमिली पोस्टबाईंनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय, की भारी बोटींवर बहुतेक सगळे डिनरसाठी कपडे बदलतात. पण बॉल गाऊन घालून येणं हा हलकेपणा. म्हणजे कमी घालाल तरी मेलात आणि जास्त घालाल तरी मेलात.

या रेघेला एकच गोष्ट वाकवू शकली, ती म्हणजे तांबड्या समुद्रातला उकाडा. तिथे साहेबाने कोट काढला आणि पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला रुंद पट्टा यावर भागवलं. त्या वेषाला ‘रेड सी रिग’ म्हणतात. आणि तो पट्टा म्हणजे ‘कमरबंड’, आपला साधा कमरबंद, जो साहेब हिंदुस्थानातून उचलून घेऊन गेला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. या सगळ्यात पंधरा वर्षांचा पोरगा कुठे बसायचा? उत्तर असं, की बराच काळ त्याच्यासाठी जागाच नव्हती. लहान मुलांची जेवणं मोठ्यांच्या आधी, वेगळी, आयांच्या देखरेखीखाली उरकली जात. पलीकडे मोठी माणसं. मधलं काही नाही. ‘टीनएजर’ हा शब्द अमेरिकेत रुळला तोच मुळी १९४० च्या दशकात. त्याआधी माणूस एक तर मूल असायचा नाही तर मोठा, आणि कुठला ते कपड्यांवरून ठरायचं. मुलगा आखूड पँटमधून लांब पँटमध्ये गेला, मुलीने केस वर बांधले आणि झगा घोट्यापर्यंत आला, की झाले मोठे. आपल्याकडेही शाळेत आठवीला फुल पँट मिळायची तेव्हा छाती दोन इंच फुगायचीच की.

या संक्रमणाचं सगळ्यात मजेदार उदाहरण ईटनच्या शाळेतलं. तिथे बुटक्या मुलांनी कमरेपर्यंतचा आखूड कोट घालायचा आणि उंच मुलांनी शेपट्यांचा. सीमारेषा होती ५ फूट ४ इंच. म्हणजे वय नाही, अक्कल नाही, थेट फूटपट्टी. ही पद्धत १९६७ पर्यंत टिकली. सुखवस्तू इंग्रज घरांत मुलांचा समारंभाचा पोशाख म्हणून हाच ‘ईटन जॅकेट’ चालत असे. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे फार आवडतं: एक व्हेरिएबल, एक कंडिशन, विषय संपला. पण उंची चार महिने रखडलेल्या पोराला कसं वाटत असेल, याचा विचार त्या कंडिशनमध्ये नव्हता.

रेघेच्या अलीकडचा-पलीकडचा हा खेळ एका अठरा वर्षांच्या मुलाने मुंबईहून निघालेल्या बोटीवर भोगला. ४ सप्टेंबर १८८८ ला ‘क्लाइड’ नावाच्या बोटीवर मोहनदास गांधी नावाचा मुलगा बॅरिस्टर व्हायला चालला होता. कपडे मित्रांच्या सल्ल्याने शिवलेले. त्यांनी आत्मकथेत लिहिलंय, की नेकटायचा त्यांना तेव्हा तिटकारा होता (पुढे तीच आवडायला लागली) आणि आखूड कोट तर असभ्य वाटत होता. म्हणजे बघा, तिकडे जो आखूड कोट मुलांचा, तो राजकोटच्या डोळ्यांना निलाजरा! बोटीवर काटे-चमचे कसे धरायचे माहीत नाही, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायची हिंमत नाही. म्हणून मोहनदास डायनिंग टेबलवर जेवायला गेलाच नाही. बरोबर आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली.

पुढचं तर वाचवत नाही. बोटीवर त्याने काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट खास उतरताना घालण्यासाठी जपून ठेवला. सप्टेंबरचे शेवटचे दिवस, इंग्लंडचा किनारा, आणि बघतो तर सगळ्या गर्दीत पांढरे कपडे घातलेला हा एकटाच. सामान एजंटकडे दिलेलं, दुसरा दिवस रविवार, म्हणजे बदलायचीही सोय नाही. संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता हॉटेलवर भेटायला आले, तर याने कुतूहलाने त्यांच्या टॉप हॅटवरून उलटा हात फिरवून तिची लव विस्कटली. डॉक्टरांनी त्याला थांबवलं आणि मग समजावून सांगितलं: दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही, पहिल्या भेटीत प्रश्न विचारायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही. हा आपला युरोपियन शिष्टाचाराचा पहिला धडा, असं गांधी म्हणतात. लक्षात घ्या, हा पहिला धडा मिळाला तो संपूर्ण प्रवास संपल्यावर! त्या मुलाने पुढे बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून इव्हिनिंग सूट शिवून घेतला. आपण त्याला फॅशनची हौस म्हणू शकतो. मला तरी ती केबिनमधल्या त्या मिठाईची भरपाई वाटते.

इथपर्यंत प्रकरण लाजेपुरतं होतं. चोवीस वर्षांनी तीच रेघ एका रात्री जिवावर आली.

१४ एप्रिल १९१२, रविवार. टायटॅनिकवर डिनरची वर्दी द्यायला बिगुल वाजायचा. फर्स्ट क्लासमध्ये सतरा वर्षांचा जॅक थेअर होता, वडील पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचे बडे अधिकारी. त्या रात्री आई-वडिलांना कॅप्टन स्मिथच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीचं आमंत्रण होतं, वरच्या खास रेस्टॉरंटमध्ये. जॅकला नव्हतं. तो मुख्य डायनिंग सलूनमध्ये एकटाच जेवला. जेवणानंतर कॉफी घेताना मिल्टन लाँग नावाच्या एकोणतीस वर्षांच्या प्रवाशाने येऊन ओळख करून घेतली आणि दोघे गप्पा मारत बसले. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. आई-बापांच्या पार्टीतून वगळलेला मुलगा, आणि त्याच्याशी बरोबरीने बोलणारा पहिला मोठा माणूस.

त्याच जहाजावर दुसरा एक जॅक होता. जॅक रायर्सन, वय तेरा. रात्री बोटी भरताना ‘बायका आणि मुलं’ असा हुकूम निघाला. पण ‘मुलं’ म्हणजे किती वर्षांची, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. चार नंबरच्या बोटीपाशी जॅक रायर्सनला अडवलं गेलं. वडील पुढे झाले आणि म्हणाले, तो फक्त तेरा वर्षांचा आहे, तो आईबरोबरच जाणार. त्याला सोडलं, आणि लगेच बजावलं गेलं की आता यापुढे मुलगे नाहीत. त्याच चार नंबरच्या बोटीत जॅक थेअरची आई होती. जॅक थेअर मात्र गर्दीत आई-वडिलांपासून चुकला होता. बोटी बायका-मुलांसाठी, आणि सतरा वर्षांचा तो स्वतःला त्यात धरत नव्हता. तो लाँगबरोबर डेकवर राहिला, शेवटी दोघांनी उड्या मारल्या. जॅक एका उलट्या पडलेल्या बोटीवर चढून वाचला. लाँग गेला. दोन्ही जॅकचे वडील गेले.

तिसऱ्या वर्गात ऱ्होडा अ‍ॅबट नावाची बाई आपल्या दोन किशोरवयीन मुलांबरोबर होती. मुलांना सोडून ती बोटीत बसली नाही. बोट बुडाल्यावर ती पाण्यातून वाचली, मुलं वाचली नाहीत. तिच्या वर्गाच्या डायनिंग सलूनमध्ये कुणी कोट घालून जेवत नव्हतं. पण ‘मूल की पुरुष’ हा प्रश्न कोटाशिवायही तिथपर्यंत पोहोचलाच.

यानंतरची गोष्ट सौम्य आहे. १९३५ सालच्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाचं फर्स्ट क्लास डायनिंग रूम व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षा लांब होतं. आणि लहान मुलांसाठी तिथे वेगळं डायनिंग रूम होतं, ज्याच्या भिंती ‘बाबार’ हत्तीच्या चित्रकाराने, जाँ द ब्रुनॉफने सजवल्या होत्या. मुलांची एवढी हौस पुरवली, पण सोळा वर्षांच्या माणसाने हत्तीखाली बसायचं की झुंबराखाली? त्याचं उत्तर तिथेही नव्हतं.

उत्तर दिलं बाजाराने. १९४४ मध्ये अमेरिकेत ‘सेव्हन्टीन’ मासिक निघालं. या वयाला स्वतःचे कपडे, स्वतःचं संगीत आणि मुख्य म्हणजे स्वतःचा खिसा असतो हे कळलं. १९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिकपार नियमित जाऊ लागली आणि बोटीने ‘पोहोचण्याची’ गरज संपली. उरली फक्त मजा. १९६९ च्या ‘क्वीन एलिझाबेथ २’ वर तरुणांसाठी ‘ज्यूक बॉक्स’ नावाची खास जागाच ठेवलेली होती. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ म्हणत ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि सक्तीचा कोट सगळंच मोडीत काढलं. आज मोठ्या जहाजांवर साधारण तेरा ते सतरा वयाच्या मुलांचे वेगळे क्लब असतात, जिथे मोठ्यांना प्रवेश नाही. दीडशे वर्षांनी फूटपट्टी उलटी फिरली म्हणायची.

मग कोट गेला हे चांगलंच झालं का? बहुतेक हो. पण मला राहून राहून वाटतं, की त्रास कोटाचा कधीच नव्हता. त्रास होता तो न सांगितलेल्या नियमाचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला अनडॉक्युमेंटेड म्हणतो तो. सिस्टिम चालू असते, सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि नवीन आलेला पोरगा तिसऱ्या दिवशी एरर खाऊन केबिनमध्ये मिठाई खात बसतो. जे आत जन्मले त्यांना डॉक्युमेंटेशन लागत नाही. ते लागतं राजकोटहून आलेल्याला. आणि ‘बायका आणि मुलं’ एवढ्या दोन शब्दांचा हुकूम देणाऱ्यांनी ‘मुलं’ म्हणजे कोण हे लिहून ठेवलं असतं, तर एका बापाला भर डेकवर आपल्या पोराच्या वयावरून वाद घालावा लागला नसता.

म्हणून क्रूझ कंपनीची ती कंटाळवाणी मेल, ‘सहानंतर शॉर्ट्स नको, दोन रात्री कोट’, मला आता पूर्वीइतकी हास्यास्पद वाटत नाही. तिच्यात नियम आहे, आणि तो महिनाभर आधी, साध्या भाषेत, पंधरा वर्षांच्या मुलालाही वाचता येईल असा लिहिलाय. वाचून तो नाक मुरडू शकतो, वाद घालू शकतो, वरच्या डेकवर जाऊन पिझ्झा खाऊ शकतो. मोहनदासला यातलं काहीच करता आलं नव्हतं. वाद घालायलासुद्धा आधी नियम माहीत असावा लागतो, राव.