दहावीतला फुको आणि नगरचा किल्ला

२०१८ साली महाराष्ट्रात दहावीचे ‘इतिहास व राज्यशास्त्र’ हे पाठ्यपुस्तक बदलले आणि त्याच्या पहिल्याच पाठात देकार्त, व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स आणि मायकेल फुको ही मंडळी येऊन बसली. साहित्याच्या विद्यार्थ्याला ज्यांची गाठ एम. ए.च्या वर्गात, तीही दुय्यम संदर्भांतून पडते, ते विचारवंत पाथर्डी-शेवगावच्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींसमोर आले. त्यामागचा हेतू चांगलाच होता. इतिहास म्हणजे घटनांची जंत्री नव्हे. तो कोणीतरी, कशाच्या तरी आधारे लिहितो, हे शाळेतच कळावे, अशी ती योजना होती. पुढच्या पाठांत उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे विषय येतात. राजा, लढाई, तह या चाकोरीबाहेर पडण्याचा असा प्रयत्न शालेय पुस्तकांत क्वचितच झाला असेल.

पण पाठ संपला की स्वाध्याय सुरू होतो. ‘आर्किऑलॉजी ऑफ नॉलेज’ हा ग्रंथ कोणाचा, चार पर्यायांतून निवडा. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, तेही निवडा. चुकीची जोडी ओळखा, टीपा लिहा, विधान सकारण स्पष्ट करा. ज्या देकार्तने कागदपत्रांची विश्वसनीयता तपासून घ्यायला सांगितले, त्याचेच म्हणणे न तपासता पाठ करायचे! पद्धतीचाच धडा घोकंपट्टीचा मजकूर होतो, तेव्हा दोष पुस्तकाच्या आशयात नसतो. ती पद्धत जिच्यावर चालवून पाहायची, ती वस्तूच वर्गात नसते. आणि नगर जिल्ह्यापुरते बोलायचे, तर अशा वस्तूंची वाण मुळीच नाही.

नगर शहराजवळच्या डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत घ्या. सारा जिल्हा तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. सहल तिथे जाते, डबे खाल्ले जातात, शहर न्याहाळले जाते आणि मुले परततात. खरे तर इतिहासाचा उत्तम तास तिथेच होऊ शकतो. ही कबर आहे, हे कशावरून? मग लोकांनी तिला चांदबीबीचे नाव का दिले? १५९५-९६ च्या वेढ्यात मुघल फौजेपुढे किल्ला लढवणारी ती स्त्री लोकांच्या मनात इतकी ठसली, की मंत्र्याची कबरही तिच्या नावावर जमा झाली, असे असेल का? पहिला प्रश्न पुराव्याचा आहे, दुसरा स्मृतीचा. लोकांचे नाव ‘चूक’ म्हणून खोडून टाकले, तर दुसरा प्रश्न हरवतो. तेच खरे मानून चालले, तर पहिला उरत नाही.

दायमाबादची गोष्ट आणखी बोलकी आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या या स्थळी १९७४ साली एका शेतकऱ्याला धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्यांचा काळ कोणता, यावर पुरातत्त्वज्ञांत मतभेद झाले. त्या शास्त्रशुद्ध उत्खननात मिळाल्या नसल्याने कोणत्या थराशी त्यांचे नाते जोडायचे, हा पेच आहे. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरूनही वाद झाला. तज्ज्ञांचेही एकमत नसते आणि तरीही ज्ञान पुढे जाते, हे मुलांना सांगायला याहून जवळचे उदाहरण कोणते? तीच गोष्ट संगमनेरजवळच्या जोर्व्याची. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या छोट्या गावाच्या नावाने एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती जगभरच्या ग्रंथांत ओळखली जाऊ लागली.

एकोणिसाव्या शतकाकडे वळावे, तर ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच निघाले. सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी नगरला चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. या घटनेत मिशन आहे, धर्मांतराची भीती आहे, जात आहे, स्त्रीशिक्षण आहे. म्हणजे समाजशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रमच एका शहरात सापडतो.

हे सारे आताच का निकडीचे वाटते? २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या नावात अहमद निजामशहा होता, ज्याने १४९० मध्ये निजामशाहीचा पाया घातला. नव्या नावात चोंडीला १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवी आहेत. दोन्ही नावे या मातीतलीच. नाव बदलणे हा राजकीय निर्णय असतो आणि त्यावर मते असणारच. पण वर्गात त्याचे रूपांतर फक्त ‘नवे नाव लिहा, एक गुण मिळवा’ असे झाले, तर बाकीचे शिक्षण मोबाइलवर येणारे संदेश करतील. त्यांत एका नावाचा जयजयकार असेल, दुसऱ्याचा धिक्कार. १६३३ ते १६३६ या काळात निजामशाहीचा एक बालवारस गादीवर बसवून शहाजीराजे मुघलांशी झुंजले, ही गोष्ट त्या संदेशांत सहसा बसत नाही. ती बसत नाही म्हणूनच वर्गात यायला हवी.

शिक्षकांची अडचण आम्ही नाकारत नाही. लेखी परीक्षेत इतिहास-राज्यशास्त्राच्या वाट्याला चाळीस गुण येतात, वर्ग भरगच्च असतात आणि पालकांचे लक्ष गणित-विज्ञानाकडे असते. सलाबतखानाच्या कबरीवर बोर्ड प्रश्न विचारणार नाही. पण त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. आहे त्याच पहिल्या पाठाचे दोन तास गावातल्या वीरगळासमोर, बारवेपाशी किंवा जुन्या सातबाऱ्यावर घालवले, तर रांके आणि फुको आपोआप समजू लागतील. आणि टीपेचे उत्तरही अधिक चांगले येईल.

साहित्याच्या शिक्षकांनाही यात रस असायला हवा, कारण संहिता वाचताना आपण जे विचारतो, तेच इथे विचारायचे आहे: हे कोण सांगते आहे, कोणाला, आणि कशावरून? ‘कशावरून’ हा शब्द मराठी मुलांच्या तोंडी लहानपणापासून असतो. दहावीपर्यंत शाळेने तो काढून घेऊ नये, इतकीच अपेक्षा आहे.